सात क्विंटलांखालची घोडी : वेल्डिंगवाल्या काकाजींना आभारपत्र

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

आमच्या बैठकीतील मासोळ्यांच्या टाकीत पाणी भरून आता दोन महिने होत आले, श्रावणाची झड येऊन गेली, आणि तिच्याखाली आपण केलेली लोखंडी घोडी, म्हणजे स्टँड, पहिल्या दिवशी जशी उभी होती तशीच उभी आहे. मजुरी देताना मी आभार मानू लागलो तेव्हा आपण ग्राइंडर सुरू करून माझा आवाजच बंद केला होता, म्हणून हे पत्र चार लोकांसमोर लिहीत आहे.

जिनिंगच्या वजनकाट्यावर कापसाच्या गाड्यांच्या नोंदी करण्यात माझी सोळा वर्षे गेली आहेत, तरीही आपण विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. "भरल्यावर थे किती भरते?" असे आपण विचारले आणि मी, टाकी काचेची आहे, चार माणसे सहज उचलतात, असे काहीतरी बोलून गेलो. मग आपल्याच दुकानात खडूने हिशेब मांडला : पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच म्हणजे 20 घनफूट, एका घनफुटात सुमारे 28.3 लिटर पाणी, म्हणजे काठोकाठ भरली तर 566 लिटर, 12 मिलिमीटर जाडीच्या काचेचे शंभर किलोंहून थोडे अधिक, शिवाय तळाला पन्नासेक किलो खडी. सगळे मिळून सात क्विंटलांच्या थोडे वरच. एवढा कापूस आला तर मी तो दोनदा तपासून लिहितो, आणि इथे तेवढेच वजन मी एक इंची हलक्या पाइपांच्या चौकटीवर, तेही घरातल्या माणसांच्या उठण्याबसण्याच्या जागी, ठेवायला निघालो होतो.

मी आणलेला नकाशा आपण फाडला नाही, बाजूला ठेवला. त्या नकाशात चार पाय वरपर्यंत गेलेले होते आणि लांब आडवे पाइप त्या पायांच्या मधे वेल्डिंगने चिकटवलेले होते. दिसायला ते सुबक होते. पण तसे केले असते तर सगळे वजन केवळ वेल्डिंगच्या टाक्यांवर राहिले असते, आणि एखादा टाका आतून कच्चा असला तरी वरून ते कळत नाही. "वजन पायावर बसलं पायजे, टाक्याले लोंबकळलं नाही पायजे," हे आपले वाक्य मी तेव्हा निमूट ऐकले; त्याचा अर्थ आपण पाय कापून आडव्या चौकटीच्या खाली उभे केले तेव्हा समजला. आता काच चौकटीवर, चौकट पायांवर आणि पाय जमिनीवर बसले आहेत, आणि टाक्यांचे काम फक्त सगळे जागच्या जागी धरून ठेवण्याचे आहे.

आपण वाढवलेल्या मधल्या दोन पायांबद्दल मी आपल्याशी हुज्जत घातली, कारण खाली कपाट करायचे होते आणि ते पाय दाराच्या आड येणार होते. पुढे आमच्या शाळेतील विज्ञानाच्या सरांनी सांगितले की दर फुटाला भार तेवढाच असताना दोन आधारांमधले अंतर निम्मे केले की पाइपाचा वाक सोळाव्या हिश्शावर येतो, आणि सर्वांत जास्त ओझे त्या मधल्या पायांवरच असते. लोखंड वाकले तरी तुटत नाही. काचेला मात्र त्याच्याबरोबर वाकता येत नाही, ती तडकते. कपाटाला आता दोन ऐवजी चार लहान दारे आहेत, आणि खरे सांगायचे तर तीच बरी दिसतात.

चाळीस बाय चाळीसचा, दोन मिलिमीटर जाडीचा पाइप आपण निवडलात. आधी चारही कोपऱ्यांना केवळ टाचण, म्हणजे छोटा तात्पुरता टाका, मारून चौकट काटकोनात आहे का हे पाहायला दोन्ही कर्ण मोजलेत. दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा, फरक निघाला तेव्हा हातोड्याचा एक ठोका देऊन तो काढलात, आणि मगच समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने जोडलेत, कारण एकाच बाजूने वेल्डिंग करत गेले की तापलेले लोखंड चौकट ओढून घेते. पाइपांची उघडी तोंडे पत्र्याने बंद केलीत. रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर ऑइलपेंट झाला तरी पाइप आतून गंजू शकतो, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

मात्र सगळ्यांत मोठे उपकार लोखंडाचे नाहीत, जमिनीचे आहेत. घोडी पोचवण्याआधी आपण घरी येऊन त्या कोपऱ्यातील शहाबादी फरशीवर हातोडी वाजवून पाहिली आणि ती पोकळ बोलत असल्याचे दाखवलेत. आमचे घर काळ्या मातीवर उभे आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतात आम्ही जन्मभर पाहतो, पण घराखालीही तीच माती आहे याचा विचार किती जण करतात? आपल्या सांगण्यावरून सहा बाय तीन फुटांची जागा दीड फूट खोल खोदून काळी माती काढली, मुरूम धुम्मसाने ठोकून भरला, वर चार इंच काँक्रीट टाकले, आणि प्रत्येक पायाखाली चार इंची चौकोनी प्लेट आली. माझ्या घरच्यांनी, माशांसाठी पाया खणणारा माणूस म्हणून मला जे ऐकवले ते इथे लिहीत नाही.

या सगळ्याला तीन आठवडे लागले आणि मधल्या काळात मी आपल्या दुकानासमोर उभा राहून कुरकूर केली, त्याबद्दल क्षमा मागतो. मृगाची पेरणी तोंडावर होती, तिफणी आणि डवरे दुरुस्तीला रांगेत होते, आणि शेतकऱ्याचे काम आधी घेणे हे आपले बरोबरच होते.

टाकी अर्धीच भरून एक रात्र ठेवावी, सकाळी लेव्हल पाहावी आणि मगच उरलेले पाणी ओतावे, ही आपली ताकीद मी पाळली. प्लायवूडवर थर्माकोल अंथरल्यामुळे काचेखाली एखादा खडा राहण्याची भीतीही गेली. तरीसुद्धा आठ दिवसांची झड उघडल्यावर आपण न बोलावता, सायकलला पाण्याची नळी गुंडाळून आलात, दोन्ही टोकांना पातळी पाहिलीत, पाच फुटांत अर्ध्या सुताचा फरक निघाला तेव्हा "एवढं चालते" म्हणालात आणि चहा घेऊन गेलात. त्या फेरीचे पैसे आपण घेतले नाहीत.

ती नळी आमच्याकडेच राहिली आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचा साज घ्यायला तालुक्याला येणार आहे, तेव्हा आणून देतो. कृपया त्या वेळी ग्राइंडर बंद ठेवावा.

आपला नम्र,
जिनिंगच्या काट्यावरचा बाबू
दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ