रात्रपाळीनंतरची झोप

महोदय,

चाकण-भोसरीच्या अनेक कारखान्यांत पाळ्या बदलत्या असतात. पहिली, दुसरी, मग रात्रपाळी असा क्रम शरीराला झेपतो. आपले आतले घड्याळ २४ तासांहून किंचित लांब चालते, त्यामुळे लवकर झोपण्यापेक्षा उशिरा झोपणे त्याला सोपे जाते. तरी काही ठिकाणी उलटा क्रम लावतात, तो का, हे कळत नाही.

रात्रपाळीतला शेवटचा चहा २ वाजेपर्यंतच घ्यावा. कॅफीन निम्मे उतरायलाच साधारण ५ तास लागतात. पहाटे ५ चे कटिंग सकाळी ९ ला गादीवर जागेच असते! सुटल्यावर उन्हात रेंगाळू नये, सकाळचा उजेड झोप पळवतो. बसने जाणाऱ्यांना गॉगल उपयोगी. दुचाकीवर मात्र डोळे मिटत असतील तर निघूच नये. घरी हलके खाऊन, खिडकीला जाड चादर लावून झोपावे. सलग ७ तास मिळत नसतील तर सकाळी ५ तास आणि पाळीआधी दीड-दोन तास, असे तुकडेही चालतात. पाळीतल्या मधल्या सुट्टीतली डुलकी २० मिनिटांचीच हवी; जास्त लांबली तर गाढ झोपेतून उठावे लागते आणि सुन्न डोक्याने मशिनवर हात जातो. दारूने झोप लागते, पण मध्येच मोडते.

– एक वाचक, भोसरी