सायलीस

कोल्हापूर, रविवार

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

दवावहून पाठवलेला फिलिपिन्सच्या गरुडाचा फोटो माईंनी चष्मा लावून दोनदा पाहिला. डोक्यावर पिसं कशी पिंजारलेली, आणि डोळे निळसर करडे. "आई, कळपात राहायला मी माकड नाही," असं म्हणून तू फोन ठेवलास. हॉस्टेल सोडून एकटीनं खोली घ्यायचं ठरलंच म्हणायचं.

त्यावर काही लिहिणार नव्हते. पण तुझ्या त्या गरुडाबद्दल वाचत बसले. पंख पसरले की साडेसहा फूट! माकडं मारणारा म्हणून त्याची ख्याती, पण तुमच्या मिंडानाव बेटावर उडते लेमूर (झाडावरून झाडावर तरंगत जाणारे प्राणी) आणि उदमांजरंच जास्त खातो. माकड मिळणं अवघड. एकानं वर बघून ओरडायचा अवकाश, सगळा कळप सावध. म्हणून गरुडही कधी जोडीनं येतात म्हणे, एक समोर गुंतवून ठेवतो, दुसरा मागून झडप घालतो. म्हणजे गरुडसुद्धा एकटा नसतो गं. खोलीच्या दाराला कडी आतून नीट बसते का?

दाजीपूरच्या जंगलात वानरानं 'खक्क' केलं आणि सगळी वानरं सरसर वर गेली, आठवतं? बाबा हाका मारत होते आणि तू मात्र झाडाखाली मान वर करून उभी. माझा जीव गोळा झालेला. तरी घरी येऊन शेजारी चौघींना कौतुकानं सांगितलं, आमची पोरगी जागची हलली नाही म्हणून.

रात्री उशिरा एकटी येऊ नकोस. अनोळखी माणसाला पत्ता सांगू नकोस. लायब्ररीतून निघताना कुणीतरी सोबत... बघ, पुन्हा सुरू झाले. राग मानू नकोस.

तिकडच्या माकडांत लेक जन्मभर आईच्याच कळपात राहते, बाहेर पडतात ते नर. हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि तुझा गरुड दोन वर्षांतून एकच अंडं घालतो. पिल्लू उडायला लागलं तरी पुढं वर्षभर आईबाप त्याला खायला आणून देतात. आम्हालाही तू एकच. निदान हे वर्ष श्रुतीबरोबर राहा ना.

नाहीच पटलं, तर घरमालकिणीचा नंबर पाठव. कांदा-लसूण चटणी कुरिअरनं येतेय. डिपॉझिट किती ते कळव, बाबा उद्या बँकेत जाणार आहेत.

तुझी आई