कागलचा यशवंतराव

महोदय,

२६ जून आला की दसरा चौकातल्या राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार पडतात आणि प्रत्येक भाषणात त्यांनी मागासवर्गीयांना दिलेलं १९०२ चं आरक्षण येतं. ते यायलाच हवं. पण कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव 'शाहू' कसा झाला, हे फारसं कुणी सांगत नाही. आई तिसऱ्या वर्षीच गेलेली, १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तकविधान, मग शिक्षणासाठी लांब राजकोटला रवानगी, १८८६ मध्ये जन्मदाते वडीलही गेले. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती आला आणि पुढे पंचगंगेच्या काठी खुद्द छत्रपतींनाच शूद्र ठरवून वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला गेला. सगळं त्या एका अपमानातून घडलं असं मी म्हणणार नाही. दुष्काळात आणि प्लेगात त्यांनी रयत जवळून पाहिली होती. पण नंतर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चारचौघांत चहा पिणारा, १९२० मध्ये माणगावच्या अस्पृश्यांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या शेजारी उभा राहणारा राजा आपली माणसं स्वतः निवडत होता.

जयंतीला शाळकरी मुलांना कसबा बावड्यातल्या त्यांच्या जन्मस्थळी, लक्ष्मी विलास पॅलेसला न्यावं. केएमटी बसचं भाडं डीजेपेक्षा कमीच पडेल.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर