उतरलेले वजन टिकवायचे कसे?

महोदय,

वजन उतरवण्याच्या जाहिराती लोकलच्या डब्यातही दिसतात. उतरलेले टिकवायचे कसे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. वजन घटले की शरीराला रोज लागणारी ऊर्जाही घटते. शिवाय भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढते, तृप्ती देणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते. त्यामुळे पूर्वीइतके जेवले तरी किलो परत येतात. याला मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

वजन टिकवलेल्यांची नोंद अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. त्यातले बहुतेक जण रोज सुमारे तासभर व्यायाम करतात, तोही मुख्यतः चालण्याचा, आणि आठवड्यातून एकदा तरी वजन पाहतात. ते सकाळी, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर पाहावे. एका दिवसात वाढलेला किलो बहुधा मीठ-पाण्याचा असतो. दोन आठवडे टिकलेली दीड-दोन किलोंची वाढ मात्र अंगावर काढू नये.

मुंबईकरांचा खरा घात संध्याकाळी होतो. डबा एकला, जेवण साडेनऊला. मग स्टेशनबाहेरचा वडापाव सुटत नाही. सहा वाजता मूठभर चणे आणि एखादे फळ पोटात गेले, तर रात्रीचा भातही आपोआप आवरतो. एका छोट्या चमचाभर तेलात ४५ कॅलरी असतात. फोडणीचे तेल पिशवीतून थेट कढईत ओतले, की असे तीन-चार चमचे सहज जादा पडतात. चौघांच्या घरात महिन्याला दोन लिटर तेल पुरवावे.

पावसाळ्यात चालणे बंद पडते, तेव्हा इमारतीचे जिने दिवसातून दोन-तीनदा चढावेत. गुडघे दुखत असतील तर घरातच जागच्या जागी चालावे.

– एक आहारतज्ज्ञ, मुलुंड