हॉजकिन म्हणजे फक्त आजार नाही

संपादक साहेब, नमस्कार.

हॉजकिन म्हटलं की आपल्याकडे लोकांना फक्त रिपोर्टवरचा लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, आठवतो, आणि पेपरमध्येही ते नाव तेवढ्यापुरतंच येतं, हे मला खरंच खटकतं. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये त्या गाठींचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं, आणि हा माणूस क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) होता, गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिला, हे कोणी लिहीतच नाही.

त्याच घराण्यातले ॲलन हॉजकिन, नसांमधून सिग्नल कसा जातो ते शोधलं म्हणून १९६३ चं नोबेल. आणि लगेच पुढच्या वर्षी केमिस्ट्रीचं नोबेल डोरोथी हॉजकिन यांना! त्या लग्नाने हॉजकिन, माहेरच्या क्रोफूट. पेनिसिलिन आणि व्हिटॅमिन बी-१२ च्या रेणूंची रचना त्यांनी एक्स-रेने उलगडली, इन्सुलिन तर १९३० च्या दशकात हातात घेतलं आणि पूर्ण झालं १९६९ ला, तेही संधिवाताने बोटं वाकडी झालेली असताना. विज्ञानाचं नोबेल मिळालेली ब्रिटिश बाई आजही त्या एकट्याच, आपल्या शाळेतल्या मुलींना हे माहिती असायलाच पाहिजे.

चित्रकार हॉवर्ड हॉजकिनही याच कुटुंबातले, दिल्लीत ब्रिटिश कौन्सिलची बिल्डिंग आपल्या मुंबईच्या चार्ल्स कोरियांनी डिझाइन केली त्याच्या दर्शनी भिंतीवरचं ते मोठं काळं-पांढरं म्युरल त्यांचंच.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत निदान डोरोथीबाईंवर एक पानभर लेख द्या ही विनंती.

- एक वाचक, सांगली