जुन्या कॅसेट भंगारात देऊ नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील कॅसेटच्या जमान्यातल्या गाजलेल्या गाण्यांवरचा लेख आवडला. मात्र ‘त्या कॅसेट आता भंगाराच्याच लायकीच्या’ हे विधान अजिबात पटले नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात टिनाखाली राहिलेल्या कॅसेटचा आवाज दबका येतो, तेव्हा फीत बहुधा शाबूत असते. फितीमागच्या धातूच्या पट्टीवरचा लोकरी तुकडा डिंक सुकून गळतो, फीत हेडला (टेपरेकॉर्डरमधल्या, फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) नीट टेकत नाही आणि आधी बासरी, झांजांसारखे बारीक स्वर जातात. अशी पाच स्क्रूंची कॅसेट आडवी ठेवून उघडावी आणि दोन्ही रिळे फितीसकट दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या रिकाम्या खोक्यात बसवावीत. वाजवण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. नव्वद मिनिटांची फीत साठपेक्षा पातळ, लवकर ताणली जाते. तिचे काम आधी उरकावे. गाजलेली चित्रपटगीते इंटरनेटवर मिळतीलही, पण अशा कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला कुणी गावची दंडार, खडी गंमत यांसारखी विदर्भातली लोकनाट्ये किंवा आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरून ठेवल्या असतील, तर त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)