छातीचा आजार, मग हातातून रक्त कशाला?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

न्यूमोनिया छातीत असताना दवाखान्यात बाळाच्या हातातून रक्त का काढतात, असं आई, तू फोनवर विचारलंस. दादा-वहिनी कामावर गेले की आठ महिन्यांचं पिल्लू दिवसभर तुमच्याजवळ असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेक मुलांत हा आजार फुफ्फुसातच राहतो. काहींच्या मात्र रक्तात जंतू उतरतात, आणि मग तासातासाला तब्येत ढासळते. तान्ह्या बाळांना हा धोका जास्त, दोन-तीन महिन्यांच्या आत तर सर्वांत जास्त. लसी अर्धवट राहिलेल्या, नुकताच गोवर होऊन गेलेला, छातीत पू झालेला, अशा मुलांनाही जपावं लागतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांची पाणथरी (प्लीहा) लहानपणीच निकामी होत जाते, आणि रक्तातले न्यूमोकोकससारखे जंतू गाळायचं काम तिचंच. म्हणून नंदुरबार-गडचिरोलीकडच्या मुलाला सिकलसेल आहे का, हे आधी विचारायला हवं.

सगळ्यात फसवं असतं ते कुपोषित मूल. त्याला ताप येईलच असं नाही, उलट अंग गार लागतं, श्वासही फार वाढलेला दिसत नाही. सहा महिन्यांपुढच्या मुलाचा दंड अंगणवाडीतल्या पट्टीवर 11.5 सेंटीमीटरच्या खाली भरला आणि त्याला खोकला असेल, तर ‘ताप कुठे आहे?’ म्हणत थांबायचं नाही.

बाबा, श्वास तुम्ही मोजा. बाळ शांत असताना झबलं वर करून पोटाकडे बघायचं, पोट एकदा वर आलं की एक श्वास. मिनिट पूर्ण मोजा. 15 सेकंद मोजून चौपट केली तर हमखास चुकतं, कारण बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरला, किंवा पोट उडताना बरगड्यांखाली खड्डा पडला, तर त्याच दिवशी डॉक्टर. दूध ओढत नाही, सगळं उलटतंय, झटके आले, हाक मारूनही जागं होत नाही, ओठ निळे पडले, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका.

आता रक्ताचं. तान्ह्या बाळाचं साधारण 1 ते 3 मिलिलिटर रक्त कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या बाटलीत घालतात. जंतू इतके विरळ असतात की थेंबभर रक्तात सापडत नाहीत. जंतू असतील तर बहुधा 48 तासांत वाढतात, तरी बाटली पाच दिवस ठेवतात. पण अँटिबायोटिकचा एक डोस आधी पोटात गेला, तर रक्तात जंतू असूनही काहीच न उगवण्याची शक्यता वाढते, आणि कुठलं औषध लागू पडेल हे कळत नाही. म्हणून आई, फ्रिजमध्ये उरलेली ती अँटिबायोटिकची बाटली बाळाला अजिबात देऊ नकोस. दिलंच असेल तर नाव, किती आणि किती वाजता, हे डॉक्टरांना न लाजता सांग. कुणी रागावलं तरी चालेल. मूल गंभीर असेल तर रिपोर्टची वाट न बघता रक्त काढून लगेच इंजेक्शन सुरू करतात, तेव्हा अडवू नका.

कुणी छातीवर बिब्बा घालायला सांगेल. कातडी भाजली की तीच जखम जंतूंना रक्तात शिरायची वाट होते.

पिल्लूला नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला आणि न्यूमोकोकलचा बूस्टर आहे. न्यूमोकोकलच्या सहा आणि चौदा आठवड्यांच्या डोसांच्या नोंदी कार्डावर आहेत का, तेवढं बाबा आजच बघून मला कळवा.

तुमची,
ताई